क्रीडा-शंका : वाढत्या वयातल्या गोल्फपटूचे आयर्न

या महिन्याच्या टपालात गोल्फच्या आयर्नबद्दल, म्हणजे धातूच्या चपट्या हेडच्या, नंबर घातलेल्या क्लबांबद्दल, बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागातून बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी दोन शब्द आधीच सांगतो. लॉफ्ट म्हणजे क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, उभ्या रेषेपासून किती मागे कललेला आहे तो कोन. लाय म्हणजे सोल (हेडचा तळ) जमिनीवर सपाट टेकवल्यावर शाफ्ट (क्लबचा दांडा) जमिनीशी जो कोन करतो तो. पुढची बहुतेक उत्तरं या दोन कोनांभोवतीच फिरतात.

मुलगा सोळा वर्षांचा, उंची ५ फूट ८ इंच. दोन वर्षं कॅम्पात खेळतोय, हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) १९ वर आलाय. काकांचा तीसेक वर्षांपूर्वीचा ब्लेड (बारीक, सपाट पाठीच्या हेडच्या) आयर्नचा संच वापरतो. सात नंबरने चेंडू १४० यार्ड जातो. दुकानदार म्हणतो, नवा संच घ्या, त्याच सातने १५५-१६० जाईल. हे खरं का? आणि घ्यायचा तर कोणता? — एक पालक, टिळकवाडी, बेळगाव

दुकानदार खोटं बोलत नाही, पण अर्धीच गोष्ट सांगतो. तुमच्या घरातल्या जुन्या सातचा लॉफ्ट ३५-३६ अंश असणार. आजच्या 'गेम इम्प्रूव्हमेंट', म्हणजे चूक सांभाळून घेणाऱ्या प्रकारातल्या सातचा लॉफ्ट २८ ते ३० अंश असतो आणि शाफ्टही पाव-अर्धा इंच लांब असतो. जुन्या हिशोबाने २८ अंश म्हणजे पाच नंबर. थोडक्यात, दुकानात मुलाच्या हातात पाचच दिला जातो, सोलवर फक्त ७ कोरलेला असतो. जास्त गेलेले पंधरा-वीस यार्ड बहुतेक त्या कोनाचे आहेत.

याचा अर्थ असे आयर्न वाईट असा नाही. त्यांचं वजन सोलजवळ आणि कडांना नेलेलं असतं, त्यामुळे कमी लॉफ्टनेही चेंडू बऱ्यापैकी उंच उडतो. अडचण दुसऱ्या टोकाला येते. वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचे, जास्त लॉफ्टचे क्लब. अशा संचातला पिचिंग वेज ४३ अंशांचा असतो आणि मुलाच्या बॅगेतला सँड वेज ५६ चा असणार. मध्ये १३ अंशांचं भगदाड. शंभर यार्डांच्या आसपास पूर्ण फटका मारायला क्लबच उरत नाही आणि मुलगा अर्ध्या-पाऊण फटक्यांवर अंदाज मारत बसतो. म्हणून असा संच घेतलात तर ४८-४९ अंशांचा गॅप वेज त्याच संचातला, त्याच शाफ्टचा घ्या. नंतर घेऊ म्हणून सोडू नका, नंतर तो मिळत नाही.

आमचा सल्ला मधल्या गटाचा आहे. कॅव्हिटी बॅक, म्हणजे मागून पोखरलेलं आणि कडांना वजन दिलेलं हेड, सातचा लॉफ्ट ३१ ते ३३ अंश, सोल मध्यम रुंदीचा, ऑफसेट (फेस शाफ्टच्या रेषेपासून मागे असण्याचं अंतर) थोडा. अगदी बारीक ब्लेड आत्ता नको, कारण १९ हँडिकॅपच्या मुलाचे फटके अजून फेसभर पसरतात आणि ब्लेडवर अर्धा इंच बाहेर लागलेला चेंडू दहा-पंधरा यार्ड सहज गमावतो. अगदी जाड, रुंद सोलचा 'सुपर गेम इम्प्रूव्हमेंट'ही नको. तो चूक झाकतो, पण चूक कुठे झाली ते हातांना कळू देत नाही, आणि सोळा वर्षांच्या मुलाला शिकण्यासाठी तीच खबर हवी असते.

मुलाचे फटके फेसवर कुठे लागतात ते आधी घरच्या संचावरच बघा. फेसवर व्हाइटबोर्डच्या मार्करने पातळ थर द्या, दहा चेंडू मारा, प्रत्येक फटक्यानंतर पुसून ठसा कुठे उठला ते कागदावर टिपा. दहांपैकी सात ठसे पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत येत असतील तर मधल्या गटाचं हेड निर्धास्त घ्या. ठसे टोकापासून होझेलपर्यंत (हेडची शाफ्ट बसते ती नळी) पसरत असतील तर थोडं मोठं हेड बरं. सगळे ठसे एकाच ठिकाणी पण टोकाकडे असतील तर दोष हेडचा नाही. क्लब आखूड आहे किंवा मुलगा चेंडूपासून लांब उभा राहतोय. तिथे नवा संच घेऊनही ठसे टोकाकडेच राहतील.

आता शाफ्ट. हेडच्या दिसण्यावर तासभर चर्चा होते आणि शाफ्टवर दोन मिनिटं. व्हायला हवं उलटं. काकांच्या संचात १२५-१३० ग्रॅमचा स्टील शाफ्ट असणार. सोळा वर्षांच्या मुलाला ९५ ते १०५ ग्रॅमचा स्टील बहुधा पुरतो. सातच्या खऱ्या लॉफ्टने, म्हणजे ३४ अंशांच्या आसपास, चेंडू हवेत १२० ते १४५ यार्ड जात असेल तर रेग्युलर फ्लेक्स (फ्लेक्स म्हणजे शाफ्टची लवचीकता), १४५ च्या वर नियमित जात असेल तर स्टिफ. हा ढोबळ हिशोब आहे, कारण फ्लेक्सच्या अक्षरांना सर्व कंपन्यांचं मिळून एकच माप नाही. एकीचा आर दुसरीच्या एसएवढा कडक निघतो. म्हणून अक्षर वाचून नव्हे, मारून ठरवायचं.

लांबीसाठी खेळायचे बूट घालून मुलाला सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. ३४ ते ३६ इंच आलं तर नेहमीची लांबी, म्हणजे सातसाठी साधारण ३७ इंच. त्याहून जास्त आलं तर अर्धा इंच वाढवायचा विचार करा. वाढवलेला अर्धा इंच फुकट येत नाही. स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप, तीनेक अंकांनी चढतं आणि लाय साधारण एक अंश उभा वागायला लागतो.

लाय तपासायला चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा, ती रेघ फेसकडे, बरोबर उभी ठेवा आणि मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. ठसा खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक क्लबच्या टोकाकडे, म्हणजे टो कडे झुकलं तर लाय फार उभा आहे आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जाणार. होझेलकडे, म्हणजे हीलकडे झुकलं तर लाय फार पसरट, चेंडू उजवीकडे. लॉफ्ट वाढतो तसा हा परिणाम वाढतो, त्यामुळे वेजमध्ये तो सर्वांत जास्त बोचतो. सातच्या लायमध्ये ३ अंशांची चूक असली तर दीडशे यार्डांवर नुसत्या फेसच्या दिशेमुळे पाचेक यार्ड जातात. मुलगा मग नकळत हातांनी ती चूक सावरायला शिकतो आणि खरा घोटाळा तिथून सुरू होतो. वाईट लायवर बसलेली सवय मोडायला क्लब बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

दुकानात तीन संच हातात आले तर प्रत्येकाच्या सातने दहा-दहा चेंडू मारू द्या. एका संचाचे सलग दहा नकोत. पाच-पाच मारून क्लब बदला, नाहीतर शेवटचा संच थकल्या हातांनी मारला जातो आणि उगाच नापास होतो. प्रत्येकातला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट फटका सोडून द्या. उरलेल्या आठांत पुढे-मागे किती अंतर आणि डावी-उजवीकडे किती पसारा, एवढंच लिहा. ज्याचा पसारा लहान तो संच घ्या, भले तो आठ यार्ड कमी जात असेल. यंत्रावर मोजायची सोय असेल तर फिरकीही बघा. सातला मिनिटाला साधारण ७००० फेरे ही चांगली जागा. ४५०० आले तर फेब्रुवारी ते मेच्या आपल्या कडक ग्रीनवर तो चेंडू थांबणार नाही, ग्रीनपलीकडे निघून जाईल. यंत्र नसेल तर ग्रीनवर चेंडू पडतो तिथली खूण बघा. खूण खोल आणि चेंडू चार-पाच पावलांत थांबलेला, तर समाधान माना.

आमची उद्यमबागेत फौंड्री आहे, त्यामुळे प्रश्न धातूचा. फोर्ज्ड आयर्न 'मऊ' लागतं म्हणतात, कास्ट 'कडक'. हे कितपत खरं? आणि मुलीच्या आयर्नचा लाय दोन अंश बदलायचा आहे, वर्कशॉपच्या बेंच व्हाइसमध्ये धरून वाकवला तर चालेल? — एक वाचक, उद्यमबाग

तुमच्या शेडमधल्या वाळूच्या कास्टिंगशी आयर्नच्या कास्टिंगची तुलना करू नका. आयर्न मेणाच्या साच्याने, म्हणजे इन्व्हेस्टमेंट कास्टिंगने होतात. मेणाचं हेड, त्यावर सिरॅमिकचे थर, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत स्टील ओतायचं. बहुतेकांत १७-४ स्टेनलेस असतं, काहींत जरा मऊ ४३१. फोर्ज्ड हेड १०२० किंवा १०२५ सारख्या कमी कार्बनच्या स्टीलचं, डायमध्ये ठोकलेलं आणि वरून क्रोम चढवलेलं.

हातांना जे 'मऊ' लागतं त्यात धातूच्या कडकपणाचा वाटा फार थोडा. चेंडू फेसवर सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढाच टिकतो. तेवढ्यात हातांना जे कळतं ते मुख्यतः आवाजातून, आणि चेंडू हेडच्या मधोमध लागला की कडेला, त्यातून. फोर्ज्ड घेण्याचं खरं कारण दुसरं आहे, आणि ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आलंय. मऊ कार्बन स्टीलचं होझेल सहज वाकतं, म्हणून वाढत्या मुलाचा लाय दोन-तीनदा जुळवून घेता येतो. १७-४ चं हेड आधी स्प्रिंगसारखं परत येतं, जास्त जोर लावला की होझेलच्या बुडाशी तडकू शकतं. त्याला दोन अंशांपुढे हात लावू नये.

साध्या बेंच व्हाइसमध्ये धरू नका. दातेरी जबडे सोल आणि फेसवर खुणा पाडतात, हेड जबड्यात किंचित फिरतं आणि लाय बदलता बदलता लॉफ्टही बदलून बसतो. हे काम लॉफ्ट-लाय मशीनवर करायचं असतं. तिथे हेड पितळी जबड्यात बसतं, दोन्ही कोन डायलवर दिसतात आणि वाकवायचा दांडा होझेलला धरतो, शाफ्टला नाही. गॅसचा जाळ तर अजिबात दाखवू नका. शाफ्ट धरून ठेवणारं इपॉक्सी ढिलं होतं आणि क्रोम सोलतं. मशीनवरही एकदम दोन अंश ओढायचे नाहीत. एक अंश, मोजायचं, थोडं परत येऊ द्यायचं, पुन्हा. लाय झाल्यावर लॉफ्ट पुन्हा मोजायचाच. आणि कुणी लॉफ्ट एक अंश कमी करून दिला तर बाउन्सही, म्हणजे सोलची मागची कड पुढच्या कडेपेक्षा किती खाली आहे तो कोनही, एक अंशाने कमी झाला हे ध्यानात ठेवा. मग सोल जमिनीत घुसायला लागतो आणि दोष मुलीच्या फटक्याला दिला जातो.

तुमच्या वर्कशॉपात जे उत्तम होईल ते म्हणजे मोजमाप. डिजिटल अँगल गेज, व्हर्निअर आणि एक ग्रॅमपर्यंत नेमका काटा तुमच्याकडे असणारच. पूर्ण क्लब एकेक करून काट्यावर ठेवा. लांब क्लबकडून आखूड क्लबकडे येताना वजन दर क्लबला पाच-सात ग्रॅमने चढत जायला हवं, कारण शाफ्ट अर्धा इंच आखूड होतो तसं हेड साधारण सात ग्रॅमने जड केलेलं असतं. मध्येच एखादा क्लब या चढणीत खाली बसला तर त्याचा शाफ्ट किंवा ग्रिप बदललेली आहे. लॉफ्टची पायरी ३ ते ४ अंशांची, खाली वेजकडे ४ ते ५ ची. सात आणि आठमध्ये दोन अंश आणि आठ-नऊमध्ये सहा निघाले तर तुमच्या मुलीला दोन क्लब एकाच अंतराचे वाटत असतील. तिला विचारून बघा. हेडच्या मागे दोन ग्रॅम शिशाची पट्टी लावली की स्विंगवेट एका अंकाने वाढतं. हा प्रयोग घरच्या घरी करता येतो आणि आवडला नाही तर पट्टी सोलून टाकता येते.

मी चौदा वर्षांची आहे, उंची ५ फूट १ इंच. मामाचे स्टीलचे आयर्न दोन इंच कापून घेतलेत. चेंडू सारखा उजवीकडे जातो आणि सरावाच्या चेंडूंची बादली संपत आली की मनगट दुखतं. सर म्हणतात हात लवकर फिरव. चूक माझी आहे की क्लबची? — खानापूर

बरीचशी क्लबची. तुझ्या क्लबमध्ये तीन गोष्टी चुकल्या आहेत आणि तिन्ही चेंडू उजवीकडेच ढकलतात. पहिली, दोन इंच आखूड झाल्याने लाय जवळपास चार अंश पसरट वागतो. तू उभी राहतेस तेव्हा सोलची हीलची बाजू उचललेली आणि टो जमिनीला टेकलेली दिसते का बघ. दुसरी, शाफ्ट आखूड झाला की कडक होतो. मोठ्या माणसाचा स्टील तुझ्यासाठी आधीच कडक होता. तिसरी, ग्रिप जाड. डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधल्या दोन बोटांची टोकं अंगठ्याखालच्या मांसल भागाला हलकी टेकायला हवीत. मध्ये फट राहत असेल तर ग्रिप जाड आहे आणि हात वेळेवर फिरतच नाही. सरांनी बघितलेला दोष बरोबर आहे, फक्त त्याचं मूळ तुझ्या हातात नाही, ग्रिपमध्ये आहे.

मनगट दुखतं ते वजनामुळे. दोन इंच कापल्याने स्विंगवेट खूप उतरलं, म्हणून क्लब हलवताना हलका वाटतो, पण शाफ्टचं शंभर-सव्वाशे ग्रॅम वजन तसंच आहे. दुखत असेल तेव्हा बादली संपवायचा हट्ट करू नकोस. थांबायचं. आठवडाभर विश्रांती देऊनही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखव.

तुला ५० ते ६० ग्रॅमचा ग्रॅफाइट शाफ्ट हवा. फ्लेक्स लेडीज किंवा त्याच्या वरचा, ए अक्षराचा. सातची लांबी ३५ ते साडेपस्तीस इंच. तुझी उंची अजून वाढणार, म्हणून साडेपस्तीस घे आणि सध्या अर्धा इंच खाली धर. पुढे उंची वाढली की शाफ्टच्या ग्रिपकडच्या टोकात जोडतुकडा इपॉक्सीने बसवून लांबी वाढवता येते. एक इंचाच्या वर मात्र नको. दर अर्ध्या इंचाला हेड तीन अंकांनी जड लागायला लागतं आणि दीड इंच जोडल्यावर पुन्हा आजच्याच तक्रारी, फक्त उलट्या दिशेने.

पूर्ण संच आत्ता घेऊच नकोस. सहा किंवा सातपासून एक सोडून एक, म्हणजे सात, नऊ, एक वेज, आणि लांब फटक्यांना एक हायब्रिड (आयर्न आणि वुडच्या मधला क्लब). वर्ष-दीड वर्षात लांबी बदलावी लागणार असेल तर आठ क्लबांऐवजी चारच बदलावे लागतील. कनिष्ठ मुलांसाठीचे संच उंचीच्या दर तीन इंचांना एक माप असे मिळतात. तुझ्या मापाच्या जवळचा संच हाताशी आला तर आधी तो मारून बघ. क्लब जड झाल्याची खूण अशी : पहिल्या दहा चेंडूंत तोल धरून शेवटपर्यंत उभी राहतेस आणि पन्नासाव्या चेंडूला मागच्या पायावर पडतेस. ही खूण दिसली की क्लब तपास, स्वतःला दोष देऊ नकोस.

कोल्हापूर आणि पुण्याकडे वापरलेले संच स्वस्तात मिळतात. घ्यायला जाताना काय काय बघावं? फसवणूक कशी ओळखावी? — निपाणी

वापरलेला संच घेणं शहाणपणाचंच आहे. आयर्न वर्षानुवर्षं टिकतात आणि शिकणाऱ्या मुलासाठी नव्याचा अट्टाहास कशाला? पण बघायला दिवसाउजेडी जा आणि सोबत टेप, जुना टूथब्रश आणि पाण्याची बाटली ठेवा.

सगळे क्लब जमिनीवर आडवे, हेड भिंतीला टेकवून शेजारी शेजारी ठेवा. ग्रिपच्या टोकांनी सरळ जिना करायला हवा, दर पायरी अर्ध्या इंचाची. एखादी पायरी चुकली तर तो क्लब कापलेला किंवा जोडलेला आहे. मग शाफ्टवरचे लेबल वाचा. सगळ्यांवर एकच नाव, एकच फ्लेक्स हवा. सात क्लबांत दोन वेगळे असतील तर बहुधा मोडून बदललेले, आणि ते सहसा जास्त वापराचे सात-आठ असतात.

नऊ आणि वेजच्या खाचांत ब्रश फिरवा, धुवा, आणि नख आडवं ओढा. नख प्रत्येक खाचेत अडलं पाहिजे. मधल्या भागात ते गुळगुळीत सरकत असेल तर खाचा झिजल्यात. अशा वेजने ओल्या गवतातून फटका मारला की चेंडू फिरकीशिवाय, अपेक्षेपेक्षा लांब सुटतो. पाच-सहाच्या खाचा झिजायला खूप वर्षं लागतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. फेस मध्यभागी खोलगट वाटतोय का ते बोटाने बघा.

शाफ्ट डोळ्याला लावून बंदुकीसारखा न्याहाळा आणि हळूहळू फिरवा. वाकलेला असेल तर पुढचं टोक गोल फिरताना दिसतं. हेडजवळ, प्लास्टिकच्या काळ्या कड्याखाली, म्हणजे फेरूलच्या आसपास गंजाचे ठिपके असतील तर तो क्लब सोडा. शाफ्ट तिथेच मोडतो, आणि मोडतो तेव्हा हेड उडून कुणाला लागू शकतं. ग्रॅफाइटवर त्याच जागी नखाने चाचपा, रंगाखाली तडा असेल तर लागतो. फेरूल आणि होझेलमध्ये कागद जाईल एवढी फट पडली असेल तर इपॉक्सी सुटायला लागलंय. क्लब कानाशी धरून हलवा. आत खडखडलं तर इपॉक्सीचा तुकडा किंवा टोकातलं वजन सुटलंय. हे दुरुस्त होतं, पण भाव त्या हिशोबाने करा.

नकली संच ओळखायला दोन-तीन खुणा आहेत. होझेलवर कोरलेला क्रमांक असायला हवा आणि तो कंपनीकडे विचारता आला पाहिजे. अक्षरांत भरलेला रंग काठांबाहेर आलेला, सोलवरचे आकडे उथळ, एकाच संचातल्या दोन क्लबांच्या वजनात उलटसुलट फरक, आणि भाव वापरलेल्याचा पण प्लास्टिक नवं करकरीत : यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी परत या. आणि 'सहा महिन्यांपूर्वीच घेतला, वापरलाच नाही' असं म्हणणाऱ्याच्या क्लबचा सोल उलटा करून बघा. सोलवरचे ओरखडे खोटं बोलत नाहीत.

ग्रिप चकचकीत आणि कडक झाल्या असतील तर घाबरू नका. सगळ्या बदलून घ्या आणि खर्च भावात धरा. जुनी ग्रिप हुक ब्लेडने कापून काढायची, खालची चिकटपट्टी खरवडायची, नवी दुहेरी चिकटपट्टी लावायची, वर आणि ग्रिपच्या आत सॉल्व्हंट ओतून ती एका दमात सरकवायची आणि खूण सरळ करायची. मग रात्रभर तशीच ठेवायची. हे काम बाहेर मोकळ्या हवेत करा, जवळ विडी-काडी नको. ग्रॅफाइटवरची जुनी ग्रिप कापताना ब्लेड शाफ्टमध्ये घुसतं, तिथे हे काम जाणकाराकडेच द्या.

पंधरा वर्षांचा आहे. सगळे मित्र म्हणतात चार नंबर आयर्न हवाच. खरंच हवा का? — चिक्कोडी

नाही. चार आणि पाचने मारलेला तुझा चेंडू सहापेक्षा दहा यार्डही जास्त जात नसेल, तर ते क्लब बॅगेत नुसता भार आहेत. कमी लॉफ्टने चेंडू उंच उडवायला जो वेग लागतो तो अजून आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या जागी हायब्रिड ठेव. बेंगळूरुची अदिती अशोक २०२१ साली खेळल्या गेलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली. ती लांब फटक्यांच्या खेळाडूंत मोडत नाही, ग्रीनपर्यंत हायब्रिड आणि फेअरवे वुडने नेमकी पोचते आणि पटरने फटके वाचवते. नियमाने बॅगेत १४ क्लब चालतात, १४ भरलेच पाहिजेत असं नाही. ड्रायव्हर, एक फेअरवे वुड, दोन हायब्रिड, सहापासून पिचिंग वेजपर्यंत पाच, गॅप वेज, सँड वेज आणि पटर. हे बारा झाले. तुला पुरतात.

पावसाळ्यात इकडे महिनोन् महिने सगळं ओलं, आणि तांबडी माती फेसवर चिकटून बसते. क्लबांची काळजी कशी घ्यावी? पावसात आणि उन्हाळ्यात वेगळा वेज लागतो का? — कॅम्प, बेळगाव

तांबडी माती खाचांत वाळू द्यायची नाही, एवढं सांभाळलंत तरी पुष्कळ. प्रत्येक फटक्यानंतर ओल्या फडक्याने फेस पुसा. घरी आल्यावर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि टूथब्रश. तारेची घासणी क्रोमवर कधीच नको. हेड बुडवताना फेरूलच्या वर पाणी जाऊ देऊ नका. मग सुक्या फडक्याने पुसा आणि क्लब बॅगेबाहेर, उभे, पंख्याखाली रात्रभर ठेवा. ओल्या बॅगेत, ओल्या टोप्या घालून ठेवलेले क्लब एका आठवड्यात होझेलपाशी तांबरतात. क्रोम नसलेल्या कच्च्या स्टीलच्या वेजवर गंज चढणारच. त्याने खेळ बिघडत नाही, तेलाचा हलका हात फिरवला की पुरे. ग्रिपही साबणाने घासून धुवा. घामाचा थर बसला की रबर निसरडं होतं, आपण जास्त आवळून धरतो आणि मनगट आखडतं. उलट टोकाला, एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत क्लब ठेवून जाऊ नका. बंद डिकीतल्या उष्णतेत ग्रिप आणि इपॉक्सी दोन्ही लवकर म्हातारी होतात.

वेजबद्दल : उन्हाळ्यात जमीन कडक असते, जास्त बाउन्सचा सोल तिच्यावरून उसळतो आणि पातं चेंडूच्या पोटात लागतं. पावसात मऊ जमिनीत कमी बाउन्सचा सोल खणत जातो. दोन वेज परवडत असतील तर गॅप वेज ६ ते ८ अंश बाउन्सचा आणि सँड वेज १० ते १२ चा ठेवा. मार्च-मेमध्ये ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांना पहिला, जुलै-ऑगस्टमध्ये दुसरा. एकच घ्यायचा असेल तर १० अंश बाउन्सचा ५६ घ्या आणि कडक जमिनीवर चेंडू अर्ध्या चेंडूएवढा मागे ठेवून हात किंचित पुढे न्या.